डोंगराचा बेवड

जंगल खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने दिवाळी अंकात लिहायचे ठरवले की वाचकाला काय हवे असते, हे मला ठाऊक आहे. संपादकांनी ते नाजूकपणे सुचवलेही. "एखादा बिबट्या तर असेलच," ते म्हणाले. बिबट्या होता. पण आमची भेट एकदाच झाली, आणि दोघांनीही शक्य तितक्या लवकर एकमेकांकडे पाठ फिरवली. त्यावर लेख होणार नाही. नोकरीत ज्या गोष्टीने मला खरोखर अस्वस्थ ठेवले, ती पायाखालची होती. डोंगरावरची झाडे तोडली की डोंगराच्या मातीतले नत्र कुठे जाते, हा तो प्रश्न. त्यापायी एका गावाशी माझे दोन पावसाळे जवळजवळ भांडणच चालले होते. भांडण म्हणण्याइतका माझा आवाज कधी चढला नाही. तो माझा गुण होता की उणीव, हे मला या वयातही ठरवता आलेले नाही.

निजामाच्या राजवटीत, महायुद्धाच्या वर्षांत, मी या जिल्ह्यात जंगलाचा दारोगा होतो. तुळजापूर आणि जळकोट यांच्या आसपास बालाघाटाचे जे बुटके फाटे पसरले आहेत, त्यांतले काही माझ्याकडे होते. जंगल म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभे राहते, ते तिथे शोधू नये. धावडा, सालई, खैर, हिवर, टेंभुर्णी. उन्हाळ्यात सगळे उघडेबोडके, आणि ओहोळाच्या काठाने तेवढी एक हिरवी रेघ. माझे काम म्हणजे चराईचे पास देणे, चोरटी तोड अडवणे आणि तोडायची झाडे निवडून त्यांच्या बुंध्यावर हातोडा मारणे. या हातोड्याच्या तोंडावर सरकारी खूण कोरलेली असे. साल थोडी तासायची, उघड्या लाकडावर एक ठोका द्यायचा. खूण उमटली की ते झाड ठेकेदाराचे. जंगलाचा जेवढा तुकडा एका हंगामात तोडायला काढतात, त्याला कूप म्हणतात. लोकांना वाटते, जंगल खाते झाडे राखते. राखते, हे खरे. पण कुठल्या वर्षी कुठली पाडायची हे ठरवण्यातच आमचे बहुतेक आयुष्य जाते.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची येत. एका सुताराला नांगरासाठी फक्त वाकडी लाकडे हवी असत. सरळ वाढलेले देखणे झाड दाखवले की तो हिरमुसला होई. पण मनात राहिला तो तेरखेड्याकडचा एक शोभेची दारू करणारा कारागीर. त्याला हलक्या लाकडाचाच कोळसा लागे. "धावड्याचा कोळसा लोहाराला द्या साहेब," तो म्हणे. "त्यो जळत बसतो. माझं नळं उडाया पायजेत." बसल्या बैठकीत त्याने मला दारूत घालायचा सोरा कसा काढतात तेही सांगितले. जुन्या गोठ्यातली, मेंढवाड्यातली माती आणायची, बुडाला भोक असलेल्या रांजणात भरायची आणि वरून पाणी ओतायचे. "पाणी उतरतं तवा सोरा घिऊनच उतरतं," तो म्हणाला. "माती ऱ्हाती, सोरा जातो." खाली जमलेले पाणी आटवले की बुडाशी पांढरे खडे. बाहेरगावी जंगलाचे शिक्षण घेताना मी जे पाठ केले होते, त्याचे मला त्या रांजणात चित्र मिळाले.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडाला ते हवेतून घेता येत नाही. खैर, हिवर, तूर, हरभरा यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे सूक्ष्म जीव ते हवेतून उचलून आणतात. त्यातून पाने होतात, पाने गळतात, मातीतले जीव ती कुजवतात, आणि कुजल्यावर ते नत्र पुन्हा मुळांना मिळते. डोंगराच्या पातळ मातीत हा सारा व्यवहार घरच्या घरी चालतो. इकडे रांधायचे आणि तिकडे जेवायचे. आता झाडे तोडा. जेवणारे उठून गेले, पण रांधणे थांबत नाही. उलट उघड्या मातीला ऊन लागते, पावसाची ओल मिळते, आणि कुजण्याचे काम अधिकच वेगाने होते. तयार झालेले नत्र सोऱ्याच्याच जातीचे असते, पाण्यात विरघळणारे. धरून ठेवायला मुळे नसतात. मग सगळा डोंगरच रांजण होतो आणि त्यातले पाणी खाली उतरू लागते.

खाली शरणाप्पा होते.

गावाचे नाव मी करंजखोरी असे बदलून लिहितो. शरणाप्पा तिथले पन्नाशीचे लिंगायत शेतकरी. उंच, सडसडीत, गळ्यात लिंग, सोयरीक मुरुमकडची, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी येई. सगळे गाव त्यांना आप्पा म्हणे. त्यांचे शेत डोंगराच्या अगदी पायथ्याशी होते. वरून येणारा ओहोळ त्यांच्या वाडवडिलांनी बांध घालून शेतात वळवला होता. पावसाळ्यात ते पाणी एका टप्प्यातून दुसऱ्यात शांतपणे उतरत जाई. त्या शेताचे सगळे नशीब ओहोळाच्या पाण्यात होते.

युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले, मोटारी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या आणि कोळशाची मागणी थेट आमच्या बुटक्या डोंगरांपर्यंत आली. करंजखोरीच्या डोंगराचा खालचा अर्धा भाग कूप म्हणून काढला गेला. हातोडा मीच मारला. हिवाळ्यात तोड झाली, उन्हाळाभर भट्ट्या धुमसत राहिल्या, आणि पावसाळा आला तेव्हा खालच्या उतारावर खुंट, राख आणि पालापाचोळा याखेरीज काही नव्हते.

त्या साली आप्पांच्या शेतात जे झाले ते पाहायला शेजारच्या गावांतून माणसे आली. ज्वारी हिरवी राहिली नाही, काळी झाली. पाने हाताएवढी रुंद, ताटे अंगठ्याहून जाड. मी बांधावरून चाललो होतो तेव्हा आप्पांनी हाक मारली.

"दारोगासाहेब, हिकडं या. ह्ये बघा. बैल आत शिरला तर हुडकाय मानूस लावावं लागतंय."

"चांगली आली आहे," मी म्हणालो.

"चांगली? आमच्या आज्यानं बघितली नसंल. तुमी झाडं काढली आन् माझं रान उठलं."

"आप्पा, हे डोंगराचं आहे. तिथून खाली आलंय."

"हौद्री," ते लगेच म्हणाले. मनापासून 'हो' म्हणताना त्यांची कानडी वर येई. "डोंगराचंच. डोंगराचा बेवड हाय ह्यो."

बेवड हा शेतकऱ्यांचा शब्द. आधीचे पीक जमिनीत जे मागे ठेवून जाते आणि पुढच्या पिकाला जे मिळते, तो बेवड. हरभऱ्याच्या जागी ज्वारी घेतली की ती जोमाने येते. म्हणतात, हरभऱ्याचा बेवड चांगला. आप्पांनी तोच शब्द उचलून डोंगराला लावला होता. झाडे हे आधीचे पीक, ते काढले, त्याचा बेवड ज्वारीला लागला. मी तिथे उभा राहून बराच वेळ त्यात चूक शोधत होतो. निरीक्षणात चूक नव्हती. त्यातून त्यांनी जो पुढचा निष्कर्ष काढला, त्याने मात्र माझी झोप उडवली.

त्या हिवाळ्यात आमच्या मोहतमीमसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या जंगल खात्याच्या प्रमुखांचा, मुक्काम पडला. ते हैदराबादचे, उर्दू बोलणारे, मृदू स्वभावाचे गृहस्थ होते. आप्पा गावातली वडीलधारी माणसे घेऊन त्यांच्यापुढे गेले आणि विनंती केली की डोंगराचा वरचा अर्धा भागही तोडावा. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. जंगल तोडू नका म्हणून रडणारी गावे त्यांनी पाहिली होती. तोडा म्हणून नारळ घेऊन आलेले गाव पहिलेच. कोळसा तर हवाच होता. तरी मी अडखळत माझे म्हणणे मांडले, तेव्हा ते म्हणाले की पुढच्या हिवाळ्यात परत येऊ, तेव्हा ठरवू.

वरचा भाग उभ्या चढाचा होता. माती वीतभरसुद्धा नव्हती, आणि ओहोळाचा उगम तिथेच होता. तो उघडा पडला असता तर आणखी एक-दोन वर्षे ज्वारी काळी झाली असती. नंतर त्याच ओहोळाने माती आणली असती, मग मुरूम, मग गोटे. आणि वाडवडिलांनी बांधलेल्या त्या टप्प्यांवर येऊन ते सगळे थांबले असते. आप्पा डोंगर तोडायला सांगत होते, आणि त्याबरोबर नकळत स्वतःचे शेतही घालवायला निघाले होते. हे त्यांना पटवणे एवढेच त्या वर्षी माझे काम होते. ते मला करता येईना. मी 'सूक्ष्म जीव' म्हणालो की ते नम्रपणे मान हलवत आणि बैलांच्या प्रकृतीबद्दल बोलू लागत.

दुसरा पावसाळा आला. तोडलेल्या उतारावर गवत आले, उन्हाळी नावाची जांभळ्या फुलांची वनस्पती पसरली, आणि तरवडाने जिकडेतिकडे पिवळी फुले काढली. मला मनातून आनंद झाला. जखमेवर खपली धरू लागली होती. नत्र धरायला वर पुन्हा मुळे आली होती. खाली आप्पांची ज्वारी मात्र फिकी पडली. नेहमीसारखीच होती खरे तर. पण काळी ज्वारी पाहिलेल्या डोळ्यांना ती आजारी वाटली.

एका सकाळी कुपात विळे चालल्याचा आवाज आला. वर जाऊन पाहतो तो आप्पा, त्यांचे भाऊबंद आणि घरच्या बायका तरवड भुईसपाट करत होत्या.

"आप्पा, हे काय चाललंय?"

"तण काढतोय."

"डोंगराचं?"

"मग? ह्यो तरवड आला आन् माझी ज्वारी पिवळी पडली. वर ह्यो जेवतोय, खाली माझं रान उपाशी. तुमीच म्हनला न्हाय का, डोंगराचं खाली येतंय म्हनून? ह्यो मधीच अडवून बसलाय."

ते शब्दशः बरोबर होते, आणि तीच माझी अडचण होती. माझ्या पुस्तकात ज्याला डोंगराचे सावरणे म्हणत, ती त्यांच्या लेखी चोरी होती. शिवाय अडवण्याचा अधिकारही मला नव्हता. नियमांत झाडांची नावे होती. तरवड कोणीही तोडावा, कातडी कमावणारे त्याची साल नेतच. मी एका खुंटावर बसलो.

"बेवड किती पिकं पुरतो, आप्पा?"

"हरभऱ्याचा म्हनता? येक. लई झालं तर दीड."

"आणि झाडांचा?"

विळा थांबला. "येक तर झालं."

"मग?"

"मग वरचं तोडा की! वरचा बेवड तसाच पडलाय."

बायका हसल्या. त्यांची थोरली सून पदराआडून म्हणाली, "मामांनी आज दारोगासाहेबास्नी पार गुंडाळलं."

मीही हसलो असेन. मग मी जवळचे उन्हाळीचे एक रोप मुळासकट उपटले, माती झटकली आणि ते त्यांच्या हातात दिले. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. आप्पांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.

"ह्या तर हरभऱ्याच्या गाठी."

"तुमच्या रानातला बेवड संपला की तुम्ही पुन्हा हरभरा पेरता. इथं कोण पेरणार? डोंगर स्वतःच पेरतोय. त्यानं पेरलेलं उगवून येतंय तोवर तुम्ही उपटताय, आप्पा."

आप्पांनी एक गाठ नखाने फोडून आतली लाली पाहिली. मग त्यांनी जे विचारले ते मी आजही विसरलो नाही.

"बरं, पेरू द्या डोंगराला. पर त्याचं पीक येस्तवर माझ्या रानानं काय खावं?"

या प्रश्नाला माझ्या शिक्षणात जागा नव्हती. डोंगर वाचवायचा तर शेताला काहीतरी दिले पाहिजे, हे इतके साधे असूनही मला एक पूर्ण वर्ष सुचले नव्हते. मी फक्त डोंगराच्या बाजूने बोलत होतो. त्यांच्या शेताच्या बाजूने त्यांना एकट्यालाच बोलावे लागत होते.

आमच्या भागात जमिनीला खत द्यायची एक जुनी रीत आहे. पीक निघाले की धनगराची मेंढरे शेतात बसवतात. दिवसभर ती बाहेर चरतात आणि मुक्कामाला शेतात येतात. लेंडी आणि मूत थेट मातीत पडते. मोबदला म्हणून धनगराला धान्य आणि घरचे जेवण. आप्पांच्या शेतात पूर्वी भागूबाईची मेंढरे बसत. भागूबाई म्हणजे दीर-जावांना बरोबर घेऊन कळप चालवणारी, तिखट जिभेची एक विधवा धनगरीण. दोन वर्षांमागे तिची मेंढरे आप्पांच्या उभ्या पिकात शिरली, आप्पांनी ती हाकून कोंडवाड्यात नेली, आणि तेव्हापासून तिने त्या शेताकडे पाठ फिरवली होती. काळ्या ज्वारीच्या साली आप्पांना तिची गरज वाटली नाही. आता वाटत होती, पण ती बोलून दाखवायची कशी?

मी भागूबाईकडे गेलो. वरच्या जंगलात चराईचा पास तिला हवा होता आणि तो देणे माझ्या हाती होते. मी म्हणालो, वरच्या गवतात चारा, पास देतो. मात्र तोडलेल्या कुपात एकही मेंढरू जाता कामा नये, आणि पीक निघाल्यावर मेंढरे आप्पांच्या शेतात बसवा.

तिने मला नीट न्याहाळले. "साहेब, त्या आप्पानं माझी मेंढरं कोंडवाड्यात घातली तवा तुमी कुठं हुता?"

"तिथेच होतो," मी म्हणालो.

"मग गप का ऱ्हायला?"

मी त्याही वेळी गप्पच राहिलो. तिनेच शेवटी निकाल दिला. "त्येनं हितं यावं. म्या जानार न्हाय."

आप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. तिसऱ्या दिवशी हातात नारळ घेऊन ते धनगरांच्या पालावर आले. मी थोडा मागे थांबलो होतो.

"काय आप्पा, वाट चुकला का?" भागूबाईने लोकर विंचरता विंचरता विचारले.

"वाट बराबर हाय. मेंढरं बसवायची हायती."

"कोंडवाड्यात?"

तिच्या जावा तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आप्पांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"रानात, बाई. माझ्या रानात."

"औंदा माझ्या मेंढरांची लेंडी ग्वाड लागाय लागली म्हना की."

"लेंडी न्हाय, ज्वारी ग्वाड लागती. ती खायाची तर ही सोसली पायजे."

आता तीही हसली. "जेवान तुमच्या घरचं. आन् भाकरीवर तूप."

"तूप? आमच्या सुनंला बाळंतपनात मिळालं न्हाय तूप."

"कोंडवाड्यात माझी मेंढरं वाळली हुती. म्या वाळले हुते त्यांच्या काळजीनं. त्ये भरून काढतीया."

आप्पांनी नारळ तिच्या पुढ्यात ठेवला. ठरले.

इथे एक गोष्ट मी आप्पांना सांगितली नाही. मेंढरे दिवसा डोंगरावर चरणार आणि लेंडी खाली टाकणार, म्हणजे डोंगराचे नत्र खालीच येणार होते. ओहोळातून येण्याऐवजी चार पायांनी येणार, इतकाच फरक. तो फरक थोडा नव्हता. गवत चरले तरी त्याची मुळे राहतात, झाडे उभी राहतात, माती हलत नाही, आणि झाडे हवेतून नवे आणत राहतात. जेवढे उतरेल तेवढे भरून येईल, असा माझा अंदाज होता. अंदाजच होता. मी तो खात्रीसारखा वापरला.

ज्वारी निघाली आणि मेंढरे बसली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोहतमीमसाहेबांचे तंबू पडले. ठेकेदाराचा माणूस आधीच येऊन बसला होता. वडाखाली गाव जमले. साहेबांनी मला विचारायला सांगितले की वरचा भाग तोडावा ही गावाची इच्छा अजून आहे काय. आप्पा काय बोलतील हे मला माहीत नव्हते. तूप आणि नारळ यांतून मेंढरांचा प्रश्न सुटला होता. डोंगराबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. वरची तोड आणि मेंढरे दोन्ही मागायला त्यांना कोणी अडवले नव्हते.

आप्पा उभे राहिले. "सरकार, वरचं नगं तोडू."

ठेकेदाराच्या माणसाने मान वर केली. "आप्पा, गेल्या साली तर तुमीच—"

"गेल्या साली म्या मागितलं, औंदा म्या नगं म्हनतोय. डोंगर त्योच हाय, मागनाराबी त्योच हाय." मग ते माझ्याकडे वळले. "वरचं तोडलं तर उन्हाळ्यात मेंढरांला सावली न्हाय, पाला न्हाय. भागूबाई जाती मग परंड्याकडं. मग माझ्या रानात बसवू कुनाला? दारोगासाहेबाला?"

वडाखाली हशा उसळला. मागून भागूबाईचा आवाज आला, "बसवा की! पर त्यास्नीबी तूप लागंल."

साहेब हसणाऱ्या गावाकडे पाहत होते. "क्या कह रहे हैं ये लोग?"

"हुजूर," मी म्हणालो, "गाँव का कहना है कि ऊपर का जंगल खेती की खाद के लिए ज़रूरी है."

"बस, इतना ही?"

"जी. मतलब इतना ही है."

साहेबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, आणि वरचा भाग त्या वर्षीच्या तोडीतून काढून टाकला. पुढेही तो कधी तोडीत आला नाही.

ही माझ्या नोकरीतली जमेची गोष्ट म्हणून मी अनेकांना सांगितली आहे. सांगताना एक भाग मी गाळत असे, तो इथे लिहितो. कोळशाची मागणी आप्पांच्या शब्दाने कमी झाली नव्हती. तो कोळसा त्याच हिवाळ्यात पलीकडच्या डोंगरफाट्यावरून निघाला आणि तिथल्या झाडांवरही हातोडा मीच मारला. तिथे पायथ्याला कोणी आप्पा नव्हते, कोणी भागूबाई नव्हती. तो फाटा आज पाहायला मिळतो. खडक उघडा आहे, आणि पावसाळ्यात वाढणारे गवत दिवाळीपर्यंत वाळून जाते. खात्यात राहून मी दुसरे काय करू शकलो असतो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. निदान तिथल्या पायथ्याच्या लोकांना जाऊन भेटू शकलो असतो.

पुढे राजवट बदलली, खात्याची भाषा बदलली, माझ्या बदल्या झाल्या आणि यथाकाल मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी जळकोटला एका लग्नाला गेलो होतो, तिथून करंजखोरीला गेलो. आप्पा आता नाहीत. भागूबाईचे कुणी या बाजूला येत नाही. आप्पांचा मुलगा बसवराज शेत पाहतो. त्याने मला ओळखले, पाया पडला, चहा दिला. ओसरीवर रासायनिक खताची पोती रचलेली होती.

"मेंढरं बसवत नाही?" मी विचारले.

"आता कशाला काका? येक पोतं टाकलं की झालं. धनगरांची भांडनं न्हाईत, तुपाची भाकर न्हाय." आणि तो आपल्या वडिलांसारखाच हसला.

मी वर जाऊन यायचे म्हटल्यावर तो सोबतीला आला. वरचे जंगल उभे होते. मला वाटले होते त्याहून दाट होते. मेंढरे यायची थांबल्यापासून पडलेले पान जागच्या जागी राहत होते; मी काठीने पाचोळा बाजूला केला तर खाली बोटभर जाडीचा काळा, भुसभुशीत थर. डोंगराचे आता खाली कोणी नेत नव्हते. माझ्या सगळ्या नोकरीत मला जे साधले नव्हते ते त्या पोत्यांनी साधले होते, आणि मी तिथे उभा राहून मनातल्या मनात त्या पोत्यांचे आभार मानत होतो.

"काका, येक विचारू का?" बसवराज म्हणाला. "ह्ये वरचं काढायचं असंल तर अर्ज कुठं करावा लागतो? हायवेच्या कामाला खडीला लई मागनी हाय. खाली समदा दगडच हाय ह्या डोंगरात. आन् ह्या झाडांचं आता कुनाला काय काम न्हाय."

त्याच्या आवाजात लोभ नव्हता. जंगलातला माणूस भेटला, म्हणून जंगलातली गोष्ट विचारली. त्याच्या वडिलांना डोंगराची गरज होती, म्हणून त्यांनी आधी तो मागितला आणि मग राखला. गरजच उरली नाही, तर राखायचे कशासाठी?

मला खोटे बोलता आले असते. मी त्याला कचेरी कुठे आहे ते सांगितले. मग म्हणालो, "बसवराज, जरा इथं हात घाल."

तो थोडा ओशाळला, पण म्हाताऱ्याचे मन राखायला खाली बसला आणि मी उकरलेल्या जागी त्याने हात घातला, बोटे बुडेपर्यंत. भर दुपार होती. दगड तापले होते.

"गार हाय," तो म्हणाला.

त्याने हात लगेच काढला नाही. मूठभर माती वर आणली, दाबून पाहिली, बोटांतून सोडली, पुन्हा हात आत घातला.

उतरताना त्याने अर्जाची गोष्ट पुन्हा काढली नाही. मीही काढली नाही. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावू नये, इतके मला आता कळते. कचेरी कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे, आणि ते मीच सांगितले आहे.